यंत्र आपले, किल्ली कुणाची?

बालाघाट जिल्ह्यातील लामता हे स्थानक आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. गोंदियाहून जबलपूरकडे निघालेली गाडी बालाघाट मागे टाकून सातपुड्याच्या रानात शिरते, तेव्हा वाटेत हे गाव लागते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा मुलूख आणि विदर्भ एकाच प्रांतात नांदत होते. आजही त्या पट्ट्यात मराठी कानावर पडते. गेल्या हिवाळ्यात आम्हांस या मार्गाने प्रवास करण्याचा योग आला. गाडी लामत्यास क्षणभर थांबली व पुढे निघाली. त्या थांबण्यात विशेष असे काही नव्हते. विशेष होते ते तिच्या सरळ निघून जाण्यात. कारण विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने येथे घातलेला लोहमार्ग अवघ्या दोन फूट सहा इंच रुंदीचा होता, आणि गोंदियावरून जाणारा हमरस्ता मात्र पाच फूट सहा इंचांचा. या तीन फुटांच्या अंतरापायी शतकाहून अधिक काळ येथील माणूस आणि माल गोंदियास उतरविला जात असे व दुसऱ्या गाडीत भरला जात असे. २०१५ च्या सुमारास छोटी गाडी बंद झाली, २०२०-२१ पर्यंत रुंदीकरण पुरे झाले, आणि लामत्याचा माणूस प्रथमच गाडी न बदलता दूरदेशी जाऊ लागला.

गोमंतकीयास ही व्यथा नव्याने सांगावयास नको. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराच्या पोटी जन्मलेला आमचा मुरगावचा लोहमार्ग मीटर गेजचा होता. मुंबईहून गावी येताना मिरजेच्या फलाटावर ट्रंका, वळकट्या व झोपेत रडणारी मुले सांभाळीत ज्यांनी गाडी बदलली, अशी पिढी अद्यापि आपल्यात आहे, आम्हीही त्यांतलेच. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, त्या दिवशी मुंबई जवळ आली असे जे वाटले, त्यात वाचलेल्या कोसांइतकाच मिरजेचा तो फलाट सुटल्याचाही वाटा होता.

लामता आणि मिरज यांची आज आठवण काढण्यास कारण घडले आहे, आणि ते रेल्वेचे नव्हे. रुळांमधले अंतर ठरविणारा एक असतो व त्याची किंमत मोजणारा दुसराच असतो, हा न्याय आता आपल्या टेबलावरील संगणकास लागू झाला आहे. तेथेही कुणी दूरवर बसून गेज ठरवितो आणि आपण फलाटावर ओझी उतरवीत बसतो. प्रश्न तंत्रज्ञांचा भासतो. परंतु तो शाळांचा, वाचनालयांचा, ग्रामपंचायतींचा व सामान्य गृहस्थाच्या खिशाचा आहे, म्हणूनच आम्ही तो या स्तंभात घेत आहो.

एका तारखेची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-१० या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. काही मर्यादित काळापुरत्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय कंपनीने ठेवली असली, तरी ती मुदतवाढच होय, मार्ग नव्हे. तिचा मार्ग विंडोज-११ चा, आणि त्या मार्गावर प्रवेशाच्या अटी कडक आहेत. मदरबोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था हवी, सिक्युअर बूटची सोय हवी, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतील हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक, ते कितीही धडधाकट असोत, या फलाटावर उतरविले जातात. चाक मोडलेले नाही, इंजिन थकलेले नाही. केवळ गेज बदलले आहे.

अशा वेळी कुणी लिनक्सचे नाव घेतो. ही मुक्त स्रोताची कार्यप्रणाली. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिच्या गाभ्यास आरंभ केला, आणि तत्पूर्वी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची जोड तिला मिळाली. तिचे समग्र लेखन कुणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्यास देता येते. इंग्रजीत 'मुक्त' आणि 'मोफत' या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तिकडे या विषयावर पुष्कळ घोळ होतो. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, हे आपले सुदैव. लिनक्स बहुधा मोफत मिळते, पण तिचे महत्त्व ती मुक्त आहे यात आहे.

स्टॉलमन यांच्या चळवळीचा उगम कशात होता, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेसर छपाईयंत्राचा नमुना आला. त्यात कागद अडके. आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत या मंडळींनी सुधारणा करून कागद अडकताच सर्वांना सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र त्यांना पाहावयास मिळेना. दुसऱ्या विद्यापीठात ती ज्याच्यापाशी होती त्याने गुप्ततेचा करार केला होता, म्हणून त्याने नकार दिला. एका अडकलेल्या कागदातून जगातील एक मोठी वैचारिक चळवळ निघाली. तिचा पहिला झगडा यंत्राची भाषा लपविण्याच्या रीतीशी होता. किमतीची तक्रार त्यात नव्हती. मदरबोर्ड आणि लिनक्स यांच्यात आज जे खटके उडतात, त्यांचे मूळही नेमके तेथेच आहे.

आमच्या कचेरीतील प्रयोग

उंटावरून शेळ्या हाकण्याचा आरोप आमच्यावर येऊ नये, म्हणून आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या कचेरीत अकरा संगणक होते: दहा जुने, एक नवा. जुन्यांपैकी एकही विंडोज-११ च्या परीक्षेत उतरला नाही. नवे दहा घेण्याची ऐपत नव्हती. कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने लिनक्सचा प्रस्ताव मांडला, आणि आम्ही कलाशाखेचे पदवीधर, मदरबोर्ड म्हणजे काय हे पन्नाशीनंतर प्रथमच डोळ्यांनी पाहावयास बसलो.

मदरबोर्ड म्हणजे एक वसलेले गाव समजावे. प्रोसेसर हा तेथील कारभारी, स्मृतीच्या पट्ट्या म्हणजे त्याचे दप्तर. साठवण, ध्वनी, जाळे, चित्र यांचे निरनिराळे बलुतेदार. हे सारे निरनिराळ्या कंपन्यांचे असतात. मदरबोर्डावर नाव एकाचे असले तरी जाळ्याची चीप दुसऱ्याची, ध्वनीची तिसऱ्याची. कार्यप्रणालीला या प्रत्येकाशी बोलण्यासाठी दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाष्या उत्पादक स्वतः तयार करून देतो. लिनक्ससाठी काही उत्पादक देतात, काही केवळ माहिती देतात, आणि काही काहीच देत नाहीत. मग जगभरचे कार्यकर्ते चीपचे वागणे निरखून तिची भाषा उलगडतात. म्हणून 'हा मदरबोर्ड लिनक्सवर चालतो का?' हा प्रश्नच अपुरा होय. 'त्यावरील कोणती चीप अडते?' असे विचारावे.

पहिली अडचण उंबरठ्यावरच आली. लिनक्सची पेनड्राईव्ह लावली, तरी दोन यंत्रे सरळ विंडोजमध्येच शिरत. येथे युईएफआय नावाच्या द्वारपालाची ओळख झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या बायोस या जुन्या व्यवस्थेची जागा आता तिने घेतली आहे. तीत सिक्युअर बूट अशी सोय असते: ज्या कार्यक्रमावर मान्य स्वाक्षरी असेल, त्यालाच आत घ्यावयाचे. सुरक्षेसाठी ही कल्पना वाईट नाही. पण बाजारातील बहुतेक मदरबोर्डांत मान्य स्वाक्षरीच्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टच्या. म्हणून लिनक्सच्या प्रमुख वितरणांना आपल्या आरंभीच्या एका छोट्या कार्यक्रमावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेऊन यावे लागते. प्रतिस्पर्ध्याच्या सहीशिवाय आपल्याच यंत्राचे दार उघडत नाही, ही स्थिती विचार करण्यासारखी आहे. आणि सहीलाही मुदत असते: २०११ सालच्या मूळ प्रमाणपत्रांपैकी काहींची मुदत २०२६ मध्ये संपते, नवी प्रमाणपत्रे मदरबोर्डात जाणे आवश्यक ठरते, आणि जुन्या मदरबोर्डांस ती देणार कोण, हा प्रश्न उरतोच. आमच्यापुरता उपाय साधा निघाला. 'फास्ट बूट' बंद केले, बूटचा क्रम बदलला, आणि ज्या वितरणापाशी मान्य सही होती ते निवडले. दार उघडले.

दुसऱ्या एका यंत्रात लिनक्स आत शिरली, पण तिला एसएसडीच दिसेना. साठवण नाही, तर मांडामांड कशावर करावी? सहकाऱ्याने यंत्राचा आरंभकालीन वृत्तांत वाचावयास घेतला. लिनक्समध्ये 'डीमेसेज' अशी आज्ञा आहे. यंत्र सुरू होताना गाभ्याला काय दिसले, काय अडले, हे ती ओळीने सांगते. त्या वृत्तांतात स्पष्ट लिहिले होते की, एसएसडी दुसऱ्या पद्धतीआड झाकली गेली आहे, बायोसमधील रेड ही पद्धत काढून एएचसीआय लावा. आम्ही तीन दिवस बाजारात शहाणे शोधीत होतो. उत्तर यंत्र स्वतःच सांगत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! मात्र येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. ही पद्धत बदलताच त्यावरील जुने विंडोज सुरू होण्याचे नाकारू शकते. म्हणून हात लावण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. हा नियम न पाळणाऱ्याने मागाहून लिनक्सला दोष देऊ नये.

तिसरा अनुभव सर्वांत बोधप्रद. दहा जुनी यंत्रे कमीअधिक खटपटीने बोलू लागली. अडला तो एकुलता एक नवा. त्याला जाळेच लागेना. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिल्यावर मदरबोर्डावरील प्रत्येक चीपची ओळख दोन क्रमांकांनी मिळते: पहिला उत्पादकाचा, दुसरा त्या चीपचा. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६ आहे, त्या कंपनीच्या नामांकित प्रोसेसरचाच. आमच्या यंत्रात जाळ्याची चीप रियलटेक कंपनीची, नव्या वेगवान जातीची निघाली. या जातीचा दुभाष्या लिनक्सच्या गाभ्यात ५.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. आणि आम्ही लावत होतो ती खणात पडलेली २०१८ सालची आवृत्ती! आवृत्ती बदलताच जाळे लागले. यावरून दोन गोष्टी ध्यानी आल्या. एक, लिनक्सच्या बाबतीत जुने यंत्र हे दुबळे यंत्र नव्हे. उलट जे चार-सहा वर्षे वापरात आहे त्याच्या साऱ्या खोडी कुणी ना कुणी आधीच दूर केलेल्या असतात. दुसरी, बाजारात काल आलेला मदरबोर्ड आणि कपाटातील जुनी पेनड्राईव्ह यांची सोयरीक जुळवू नये.

चौथी अडचण विचित्र होती. एक यंत्र झोपी गेले की जागे होत नसे. झोप, जाग, पंखा, वीज यांची व्यवस्था एसीपीआय नावाच्या कोष्टकांत मदरबोर्डाच्या उत्पादकाने लिहिलेली असते. ही कोष्टके यंत्र सुरू होताना विचारतात, 'तू कोणती कार्यप्रणाली?' अनेक उत्पादक केवळ विंडोजसमोर तपासणी करून मोकळे होत असल्याने, लिनक्सने खरे नाव सांगितले तर तिला अर्धवट, न तपासलेली वाट दाखविली जाई. म्हणून लिनक्सचा गाभा आज या प्रश्नास 'मी विंडोज' असे उत्तर देतो! ज्यांनी परकीय अमदानीच्या कथा वाडवडिलांकडून ऐकल्या आहेत, त्यांना नाव बदलून चौकी ओलांडण्याची ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. आमच्या यंत्राचा दोष उत्पादकाने दिलेली बायोसची नवी आवृत्ती घातल्यावर गेला. ही आवृत्ती घालताना वीज जाता कामा नये. आपल्याकडील पावसाळी वीज ध्यानी घेता हे काम यूपीएस असल्याखेरीज कुणी करू नये.

नाचता येईना, अंगण वाकडे

पाचवी गोष्ट सांगताना आम्हांस थोडी लाज वाटते. एक संगणक लिनक्स घातल्यापासून मध्येच गोठू लागला. कचेरीत दोन तट पडले. 'फुकटचे ते असेच' असे जुने जाणते म्हणू लागले, आणि आम्हीही मनातून डळमळलो. सहकाऱ्याने वाद न घालता रात्रभर 'मेमटेस्ट' हा स्मृती तपासणारा कार्यक्रम चालू ठेवला. सकाळी पडद्यावर चुकांची तांबडी रांग उभी होती. स्मृतीची पट्टी काढून पाहिली, तर तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांची दमट पर्जन्यछाया यांनी तो चढविला होता. शाळकरी मुलांच्या खोडरबराने दात हलक्या हाताने पुसले, खाच झटकली, पट्टी बसविली. त्यानंतर ते यंत्र आजतागायत अडलेले नाही. दोष विंडोजच्या काळापासून असणार. पण नव्या सुनेच्या माथी सारे खापर फोडावयाचे ही घराघरातील रीत आम्ही कचेरीतही पाळली.

किनाऱ्यावरील वाचकांसाठी म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले. विसंगती शोधण्यापूर्वी यंत्राचे आरोग्य पाहावे. मदरबोर्डावरील नाण्याएवढी घड्याळाची बॅटरी संपली की यंत्राची तारीख मागे जाते, आणि मग प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ 'प्रमाणपत्र अमान्य' म्हणून हाकलून देते. लोक त्यालाही कार्यप्रणालीचा दोष समजतात. ही बॅटरी अगदी स्वस्त मिळते. धारित्रे, ज्यांना कपॅसिटर म्हणतात, माथ्यावर फुगलेली दिसली तर मात्र समजावे की, वैद्य उशिरा आला. या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष कपॅसिटरांची साथच जगभर आली होती, आणि आमचे सर्वांत जुने यंत्र त्याच साथीचे निघाले. त्यास आम्ही निरोप दिला.

हिशेब असा लागला. अकरांपैकी आठ संगणक आज लिनक्सवर बातम्या लिहिण्याचे, पत्रव्यवहाराचे व हिशेबाचे काम करीत आहेत. एक निकालात निघाला. उरलेल्या दोघांवर मात्र विंडोज ठेवणे भाग पडले, कारण पाने लावण्याचा आमचा जुना कार्यक्रम व युनिकोडपूर्व काळातील मराठी टंक त्याबाहेर चालत नाहीत. ते दोन्ही जाळ्यापासून तोडून ठेवले आहेत. ही उणीव आम्ही लपवीत नाही. सरकारी कामकाजासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरीची टोकने, काही हिशेबाचे कार्यक्रम, विशिष्ट छपाईयंत्रे ही आजही अनेकांना अडवितात. लिनक्स हे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे, आणि तसे सांगणारा तिचा मित्रही नव्हे. पण या दोन यंत्रांनी आम्हांस जो धडा दिला तो उलट दिशेचा आहे: स्वतःच्या मराठी मजकुराची किल्ली आपण वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या हाती दिली होती, म्हणून आज ती परत मागावी लागत आहे.

शुद्धता आणि सोय

मुक्त स्रोताच्या पुरस्कर्त्यांतही या प्रश्नावर मतभेद आहेत आणि ते मननीय आहेत. जाळ्याच्या, चित्राच्या अनेक चीपना सुरू होताना उत्पादकाचा एक बंदिस्त मजकूर, फर्मवेअर, भरवावा लागतो. तो वाचता येत नाही. डेबियन या जुन्या व तत्त्वनिष्ठ वितरणाने वर्षानुवर्षे असा मजकूर आपल्या अधिकृत संचात घेतला नव्हता. परिणामी नवख्याचे यंत्र पहिल्याच दिवशी जाळ्याविना बसे. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून तो संचात घेण्याचा निर्णय केला, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तो अमलात आला. कुणी याला तडजोड म्हणाले, कुणी शहाणपण. आम्हांस यात त्या संस्थेची थोरवी दिसते. तिने तत्त्व सोडले नाही. बंदिस्त मजकूर वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या नावाने ठेवला, म्हणजे आपण कोठे परतंत्र आहोत हे वापरणाऱ्यास कळावे. स्वातंत्र्य एका रात्रीत सबंध मिळत नसते. पण जे मिळालेले नाही त्याची नोंद ठेवणे, ही ते मिळविण्याची पहिली पायरी असते.

दडपणाचा उपयोग होतो, हेही अनुभवास आले आहे. चित्राच्या चीप बनविणाऱ्या एनव्हिडिया कंपनीवर लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी २०१२ साली जाहीर सभेत अत्यंत कठोर शब्दांत टीका केली होती. दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, त्याच कंपनीने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला. मदरबोर्ड व इतर भागांच्या फर्मवेअरच्या दुरुस्त्या लिनक्सवरूनच देण्याची एक सामाईक सेवा २०१५ पासून उभी राहिली आहे व अनेक मोठे उत्पादक तीत सामील झाले आहेत. ग्राहक मागत राहिला, तर गेज बदलते.

गोमंतकाने काय करावे?

हा विषय गोमंतकास नवा नाही. या शतकाच्या आरंभी, परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक येथील शाळांना मिळाले आणि त्यांवर लिनक्स घालण्याचा प्रयोग झाला. तेव्हा देशात या नावाची ओळखही फारशी नव्हती. केरळने तीच वाट धरली व सोडली नाही. तेथील सरकारी व अनुदानित शाळांत मुक्त कार्यप्रणालीवरच मुले संगणक शिकतात, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण मिळते, आणि राज्याची स्वतःची संस्था शाळांसाठी तिचा संच तयार करते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ पासून भारतीय भाषांसह 'बॉस' ही लिनक्स दिली. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त स्रोतास प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. म्हणजे धोरणाची वाण नाही. वाण आहे ती खरेदीच्या कागदावरील एका ओळीची.

ती ओळ अशी असावी, असे आम्ही सुचवितो: सरकारी, निमसरकारी व अनुदानित संस्थांसाठी घेतला जाणारा प्रत्येक संगणक मुक्त कार्यप्रणालीच्या चालू आवृत्तीवर साठवण, जाळे, ध्वनी, चित्र व झोप-जाग या पाच बाबतींत तपासलेला असावा, आणि बायोसच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील हे विक्रेत्याने लिहून द्यावे. यात एका कंपनीस बंदी नाही व दुसरीस सवलत नाही. ज्याला विंडोज हवे त्याने ते खुशाल घ्यावे. मागणी एवढीच की, रूळ दोन्ही गाड्यांना चालावेत.

दुसरी सूचना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी. दुरुस्तीच्या दुकानात आज मुलगा एकच उपाय शिकतो: सारे पुसा आणि नव्याने घाला. वृत्तांत वाचणे, चीपचा क्रमांक ओळखणे, स्मृती तपासणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, ही शिस्त त्याला शिकविली जात नाही. आमच्या सहकाऱ्याने जे केले ते यापलीकडे काही नव्हते. त्याच्यापाशी गुप्त विद्या नव्हती. वही होती, आणि प्रत्येक यंत्रापुढे तो काय बदलले व काय घडले हे लिहीत होता. अशा वह्या शाळाशाळांतून एकत्र आल्या, तर कोणता मदरबोर्ड कशाने बरा होतो याची गोमंतकापुरती यादी एका उन्हाळ्यात तयार होईल.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. कचरा गोळा कसा करावा हे नियम सांगतात. चांगले यंत्र कचरा ठरूच नये, हे समाजाने पाहावयाचे असते. आपल्या चिमुकल्या राज्यात टाकावयास जागा नाही. जो संगणक आणखी पाच वर्षे एखाद्या वाचनालयात मुलांना मराठी शब्दकोश दाखवू शकतो, तो केवळ कुणाच्या यादीत त्याचे नाव नाही म्हणून भंगारात घालणे, हा दरिद्री देशाचा उधळेपणा होय.

लामत्याच्या माणसाला गेज बदलण्यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. त्यासाठी सरकार लागले, निधी लागला, सातपुड्याचे जंगल ओलांडण्याच्या परवानग्या लागल्या. त्याच्या एकट्याच्या हाती काही नव्हते. आपल्या टेबलावरील गेज बदलण्यास मात्र एक पेनड्राईव्ह, एक वही, थोडा धीर, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यास एक खोडरबर पुरते. आपला हात जगन्नाथ, असे आपण म्हणतो खरे. पण हात उचलावयास आधी यंत्र आपले आहे ही खातरी मनास पटावी लागते. ज्याची किल्ली दुसऱ्यापाशी, ते घर भाड्याचे. शाळा उघडण्यापूर्वी ज्या मुख्याध्यापकांच्या कपाटात असे 'बाद' ठरलेले संगणक धूळ खात असतील, त्यांनी एकदा ते उघडून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.